आमच्या मागावर बसलेला नट

जानेवारीत हरभऱ्याची कोवळी भाजी बाजारात येते तेव्हा मला येवला आठवतं. पानं खुडताना बोटांना ती आंबट खार लागते, आणि ती चाटली की अजूनही मी आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर जाऊन बसते. त्या सकाळी मी तशीच भाजी निवडत होते. नाशिकमध्ये, सातपूरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन नुकतं आलं होतं. आई त्या उन्हात पाय सोडून, शाल गुंडाळून बसली होती. आत टीव्ही चालू होता, आणि कुणीतरी बाई घाईघाईने सांगत होती की ज्येष्ठ चरित्र अभिनेते मनोहर सोनगीरकर यांचं निधन झालं.

मी हातातली जुडी खाली ठेवली. आईला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून तिच्याजवळ जाऊन सांगितलं, "आई, सोनगीरकर गेले."

"कोण?"

"सोनगीरकर. सिनेमातले."

 ती म्हणाली, "आपल्या मागावर बसायचा तो? गेला का गं?"

टीव्हीवर त्यांच्याविषयी मोठमोठे शब्द चालले होते. आईने मात्र त्यांना नट म्हटलं नाही. तिच्या लेखी ते एका थंडीत आमच्या मागावर बसलेले गृहस्थ होते.

ती थंडी माझ्या अकरावीतली. येवल्यात तेव्हा आमच्या गल्लीत सकाळ व्हायची ती मागांच्या आवाजाने. एका घरात खटखट सुरू झाली की शेजारच्या घरात सुरू व्हायची, आणि मग सगळी गल्ली एकाच तालात खोकल्यासारखी वाजत राहायची. आमचा माग बाहेरच्या खोलीत होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. खड्ड्यात पाय सोडून अण्णा, म्हणजे माझे वडील, काठावर बसायचे. समोर ताणलेले रेशमाचे उभे धागे, हाताशी आडवा धागा नेणारा धोटा, आणि खिडकीतून येणारा उजेड. पैठणीचा पदर चालू असला की अण्णांशी बोलायचं नाही, हा घरातला नियम. तसंही ते कुणाशी फारसे बोलत नव्हते.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्गशीर्षात, माझा मोठा भाऊ सुरेश काविळीने गेला होता. नुकता मिशी फुटलेला, पतंगापायी अभ्यास बुडवणारा, सगळ्या गल्लीचा लाडका. तो गेल्यावर आई आजारी माणसासारखी भिंतीला टेकून बसून राहिली. अण्णा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मागावर बसले. पुन्हा खटखट सुरू झाली. त्या आवाजाने आईच्या कपाळावर आठी पडलेली मी बघितली आहे. मावशी भेटायला आली तेव्हा ती तिला दबक्या आवाजात म्हणाली, "पोरगं गेलं, पण या माणसाचा हात काय थांबला नाय." त्यानंतर त्या दोघांत बोलणं उरलं ते एवढंच: भाकरी वाढू का, वाढ, रेशीम आलं का, आलं.

अशा घरात सोनगीरकर आले.

अण्णा ज्या व्यापाऱ्यासाठी विणायचे, तेच त्यांना घेऊन आले होते. विणकरावर सिनेमा निघणार आहे, हे त्यात विणकर होणार आहेत, आणि त्यांना आधी काही दिवस माग शिकायचा आहे, असं त्यांनी सांगितलं. नट येणार म्हणून गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. उतरला तो मफलर गुंडाळलेला, थोडं पोट सुटलेला, नाशिकच्या एसटीने आलेला एक साधा माणूस. हातात कापडी पिशवी. बायका एकमेकींकडे बघून आत गेल्या.

अण्णा म्हणाले, "तुम्ही तर नट. नुसतं बसल्यासारखं करा की. कोण बघतंय?"

"तुम्ही बघाल ना," सोनगीरकर म्हणाले.

अण्णांनी हुं केलं आणि खड्ड्याच्या काठावर थोडं सरकून त्यांना जागा दिली.

शिष्य काही हुशार नव्हता. खड्ड्यात पाय सोडले की त्यांचे गुडघे कुठेतरी आपटायचे. पाय आणि हात एका लयीत येत नसत. धागा तुटला की ते असे घाबरून थांबायचे, जणू काचेचं भांडं फुटलंय. अण्णा गुरू म्हणून त्याहून वाईट. "अहो, बैल बांधायचाय का? हळू!" असं ओरडायचे आणि उठून बाहेर विडी ओढायला जायचे. मग तुटलेला धागा सांधून द्यायचं काम माझ्याकडे यायचं. मी दाखवायचे, ते चष्मा कपाळावर चढवून बघायचे, आणि मी कॉलेजला गेल्यावर तीच गाठ पुन्हा पुन्हा मारत बसायचे.

मला वाटायचं, नट म्हणजे सतत काहीतरी विचारणारा, लिहून घेणारा माणूस असेल. सोनगीरकर काही विचारतच नसत. दुपारी अण्णांच्या शेजारी पाट घेऊन बसायचे, बाजरीची भाकरी कुस्करून त्यावर कडवे वाल नाहीतर हरभऱ्याची भाजी घ्यायचे, आणि मुकाट जेवायचे. आईने भाकरी वाढली की, "वहिनी, बस झालं," म्हणायचे आणि तीही संपवायचे. त्यांनी जिथे खोली घेतली होती त्या घरमालकाची नक्कल ते फार सुंदर करायचे. तो मालक बोलताना मधेच थांबून आपण काय बोलत होतो ते समोरच्यालाच विचारायचा. एकदा जेवताना त्यांनी ती नक्कल केली आणि आईला हसू आवरेना. तिने तोंडाला पदर लावला. वर्षभरात तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होते. अण्णांनी घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं, आणि मग खाली मान घालून जेवू लागले.

मग संक्रांत आली. येवल्याची संक्रांत ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. भोगीपासून सगळं गाव गच्चीवर आणि पत्र्यांवर असतं. आसाऱ्यांवरून, म्हणजे आमच्याकडच्या फिरक्यांवरून, मांजा सुटतो, हलकड्यांची वाद्यं कडाडतात, कुणाचा पतंग कापला की सगळ्या गल्लीतून एकच आरोळी उठते. त्या दिवसांत सबंध गावात खाली उरतात ती फक्त म्हातारी माणसं. आणि त्या वर्षी आम्ही.

सोनगीरकर सकाळी आले ते उत्साहात. वर बघत मला म्हणाले, "तुमच्या गच्चीवर कुणीच नाही?"

मी चक्रावर रेशीम गुंडाळून मागासाठी कांड्या भरत होते. मी म्हणाले, "आमच्याकडे सुरेशदादा उडवायचा."

"मग? कुठे गेलाय?"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं.  ते अरेरे म्हणाले नाहीत, देवाची इच्छा म्हणाले नाहीत. पलीकडच्या गच्चीवरून त्यांना हाका येत होत्या, तिळगूळ घ्यायला या म्हणून. ते गेले नाहीत. माझ्यासमोर मांडी घालून बसले, एक चक्र पुढे ओढलं, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर कांड्या भरत राहिले. वर सगळं आभाळ ओरडत होतं, आणि खाली आम्ही दोघं रेशीम गुंडाळत होतो. मधूनच ते अगदी बेसूर काहीतरी गुणगुणायचे.

थंडी ओसरली तसे ते गेले. शूटिंग येवल्यात झालंच नाही. कुठेतरी सेट लावून झालं म्हणे. गल्ली थोडी हिरमुसली आणि विसरूनही गेली.

सिनेमा आला तो पुढच्या थंडीत. दुपारच्या खेळाला आमची सगळी गल्ली थेटरात. अण्णा नको म्हणत होते, पण व्यापाऱ्यांनी आग्रहाने नेलं. धुतलेला पांढरा सदरा घालून ते आईच्या शेजारी बसले, मी आईच्या दुसऱ्या बाजूला.

पडद्यावर सोनगीरकर आले आणि पहिल्या काही मिनिटांतच लोक हसायला लागले. कारण पडद्यावर आमचे अण्णाच होते. अण्णांची मफलर बांधायची तीच पद्धत, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसायची सवय, बोलण्याआधी घसा खाकरणं. "अरे, हे तर आपले अण्णा!" मागून कुणीतरी ओरडलं. अण्णा अवघडले, पण ओठांच्या कडेला थोडं हसूही आलं. आपण असे दिसतो होय, अशा कुतूहलाने ते बघत होते.

मध्यंतरानंतर गोष्टीतल्या विणकराचा मुलगा मरतो. आम्हाला कुणालाच ते आधी माहीत नव्हतं. मी आईचा हात धरला. आता हा रडणार, छाती बडवून घेणार, असं सगळ्या थेटराला वाटत होतं, कारण तेव्हाच्या सिनेमात तसंच असायचं. पण पुढचं दृश्य पहाटेचं होतं. घर झोपलेलं. विणकर येतो, दिवा लावतो, खड्ड्यात पाय सोडून बसतो. धोटा उचलत नाही. समोरच्या ताणलेल्या धाग्यांवर तळहात पसरून ठेवतो. झोपलेल्या मुलाच्या पोटावर, ताप उतरलाय का बघायला ठेवतात, तसा. आणि तसाच बसून राहतो. काहीही होत नाही. एवढ्यात आतून बायको उठल्याची चाहूल लागते, बांगड्या वाजतात, आणि तो दचकून हात उचलतो, धोटा घेतो, आणि खटखट सुरू करतो.

 मला वाटलं, काय अभिनय केला या माणसाने! म्हणून मी आईकडे बघितलं, तर ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती मान वळवून अण्णांकडे बघत होती.

अण्णा उठले. लोकांचे पाय तुडवत, अंधारात चाचपडत बाहेर निघून गेले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ते मागाच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. आईने चप्पलही काढली नव्हती. उंबऱ्यातच उभी राहून तिने विचारलं, "खरं हाय का ते?"

"चोरून बघितलं त्यानं मला," अण्णा म्हणाले. "माझ्या घरात येऊन, माझी भाकरी खाऊन. आणि चारचौघांत मांडून ठेवलं."

"ते राहू द्या. खरं हाय का?"

अण्णांनी मान खाली घातली.

"रोज पहाटे?" आईचा आवाज चिरकला. "मला वाटायचं, यांचा हात चालतो तरी कसा. एवढं पोरगं गेलं, आणि हात चालतो."

"चालत नव्हता," अण्णा म्हणाले. "तू उठायचीस म्हणून चालवायचो."

मी आतल्या दाराशी उभी होते. तिथून हलावं की हलू नये, कळत नव्हतं. आई हळूहळू खाली बसली, तिथेच, उंबऱ्यावर. आणि मग अण्णा रडले. त्यांना रडता येत नव्हतं, म्हणजे सवय नव्हती. खोकल्यासारखं काहीतरी ते होतं. आई उठून त्यांच्याजवळ गेली तेव्हा मी परसात निघून गेले आणि उगाचच हौदातलं पाणी बादल्यांत भरत बसले.

त्यानंतरच्या पहाटेपासून आई अण्णांबरोबर उठू लागली. चहाची कपबशी घेऊन ती मागाशेजारी बसायची. दोघं काय बोलायचे मला माहीत नाही. मी पांघरुणात असायचे, आणि मला ऐकू यायचं ते फक्त कुजबुजणं. कधीतरी त्यात सुरेशचं नाव असायचं. दोन वर्षं त्या दोघांनी ते नाव एकमेकांसमोर घेतलं नव्हतं.

पण सोनगीरकरांवरचा अण्णांचा राग गेला नाही. त्यांचं नाव निघालं की ते उठून बाहेर जायचे. आणि संक्रांत ओलांडल्यावर एका सकाळी स्वतः सोनगीरकरच दारात उभे राहिले. तोच मफलर, तीच कापडी पिशवी. अण्णा थेटरातून उठून गेले हे व्यापाऱ्यांकडून त्यांच्या कानावर गेलं होतं.

अण्णा मागावरून उठले नाहीत. धोटाही थांबवला नाही. सोनगीरकर खोलीत येऊन उभे राहिले, माग थांबायची वाट बघत. शेवटी अण्णांनीच हात थांबवला, पण मान वर केली नाही.

"विचारायचं तरी होतंत," ते म्हणाले.

"हो."

"मग?"

"एकदा मी फार लवकर आलो होतो, अण्णा. दार लोटलेलं होतं. तुम्ही असे बसलेले दिसलात. मी तसाच मागे फिरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मोठ्याने खोकत पुन्हा आलो." सोनगीरकरांनी मफलर सोडून हातात घेतला. "विचारलं असतं, तर त्या दिवसापासून तुम्ही तसं बसायचं बंद केलं असतं. तेवढंच तर होतं तुमच्याकडे. म्हणून नाही विचारलं. पण ते बरोबर केलं असं म्हणायला मी आलेलो नाही."

"सिनेमात घालायची काय गरज होती?"

"दिग्दर्शक म्हणाले, रड. माझं तोवर जवळचं कुणी गेलेलं नव्हतं. मी रडलो असतो ते खोटं रडलो असतो. मी त्यांना म्हटलं, मी एक बाप पाहिलाय, तो असा रडत नाही."

अण्णा बोटाने धोट्याची कड चाचपत राहिले.  तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती कधी मोठ्याने बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी बोलली.

"भाऊ, यांचं यांच्यापाशी. माझं मी सांगते. तुम्ही दाखवलं नसतं, तर मी मरेपर्यंत या माणसाला दगड समजले असते. जेवून जा."

सोनगीरकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते अण्णांकडे बघत उभेच राहिले. अण्णांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बसा. पण मागाला हात लावू नका. पदर चालू हाय."

इतकंच. माफ केलं वगैरे काही नाही. ते जेवले, आईने त्यांना तीळ बांधून दिले, आणि दुपारच्या गाडीने गेले. पुढे त्यांची आमची भेट झाली नाही. ते मोठे होत गेले, म्हणजे चरित्र अभिनेता जितका मोठा होतो तितके. नायकाच्या मागे, खांद्याच्या वरून, दाराच्या चौकटीत उभे दिसायचे.

अण्णांनी मात्र त्यांचा एकही सिनेमा चुकवला नाही. आधी थेटरात, पुढे टीव्हीवर. आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचे: "यात कुणाचं चोरलंय त्यानं?" निवृत्तीच्या दिवशी शेवटची फेरी करणाऱ्या कंडक्टरचं त्यांचं काम खूप गाजलं. त्यात ते शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाल्यावरही सवयीने घंटीची दोरी ओढतात आणि मग स्वतःशीच ओशाळतात. अण्णा म्हणाले, "हा मनमाड डेपोचा कुणीतरी हाय बघ. असली दोरी ओढायची तऱ्हा तिकडचीच." मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेलेला बाप त्यांनी एकदा केला होता. पंगतीत वाढायला आलेल्या प्रत्येकाला तो उगाच नमस्कार करतो. लोक हसायचे, आणि अण्णा म्हणायचे, "बिचारा. कुठं असेल हा बाप आता?" एका विनोदी सिनेमात ते शाळेचे हेडमास्तर होते. घंटा वाजली की आपणच आधी दचकायचे. मी शिक्षिका झाल्यावर एका शाळेत अगदी तसे दचकणारे हेडमास्तर मला भेटले, आणि मला वाटलं, सोनगीरकर इथेही येऊन गेले की काय.

अण्णांमुळे मला त्यांच्या भूमिका कधी भूमिका वाटल्याच नाहीत. प्रत्येकीच्या मागे कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी घरात खरा माणूस असणार, आणि त्याला कुणीतरी दाराआडून प्रेमाने बघितलं असणार. होय, प्रेमानेच. रागावलेल्या अण्णांनाही हे नंतर पटलं होतं असं मला वाटतं. नाहीतर ते इतक्या आस्थेने त्या माणसांचा ठावठिकाणा का शोधत बसले असते?

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे फोटो दोन-चार, तेही पाहुण्यांच्या लग्नातले, ताठ उभे असलेले. चालते-बोलते अण्णा कुठेच नाहीत. म्हणजे एका जागी आहेत. कधी फार आठवण आली की मी तो सिनेमा लावते. मफलर बांधणारे, खाकरणारे, चष्मा पुसणारे अण्णा तिथे आहेत. चेहरा दुसऱ्याचा आहे, एवढंच.

म्हणून त्या सकाळी, हरभऱ्याची भाजी पुढ्यात घेऊन बसलेली मी, कुणासाठी रडत होते ते मलाच नीट सांगता येणार नाही.

रविवारी दुपारी एका वाहिनीने श्रद्धांजली म्हणून विणकराचा सिनेमा दाखवला. आई पुढे खुर्ची ओढून बसली. ऐकू येत नसलं तरी तिला तो पाठ आहे. संपल्यावर तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "उद्या त्यांच्या घरी जाऊ."

पेपरात आलं होतं की शेवटची काही वर्षं ते नाशिकमध्येच, इंदिरानगरला लेकीकडे राहत होते. आम्हाला पत्ताच नव्हता. एकाच गावात, रिक्षाच्या अंतरावर.

मी म्हणाले, "आई, आपल्याला कोण ओळखणार तिथे?"

"न ओळखू दे. जायचं असतं."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आम्ही गेलो. साधी इमारत, तळमजल्यावरचं घर, दाराबाहेर चपलांचा ढीग. आत फुलांचा हार घातलेला फोटो आणि समोर बसलेली माणसं. कुणी नाटकातली होती, कुणी कुठल्या मंडळाची. ती सगळी सोनगीरकरांच्या पत्नीला त्यांच्या भूमिकांविषयी सांगत होती. केवढा कलावंत, केवढी ताकद, असा नट होणे नाही. त्या बाई, बारीक, पांढऱ्या केसांच्या, सगळ्यांना मान हलवत होत्या. ऐकून ऐकून थकल्या होत्या. त्यांची मुलगी पाहुण्यांना चहा देत होती.

हळूहळू माणसं उठली. आई सोनगीरकरांच्या पत्नीजवळ सरकली.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"आम्ही येवल्याच्या. मागवाल्या. भाऊ आमच्याकडं शिकायला होते, त्या थंडीत."

त्यांनी थोडं आठवलं. "हो, सांगायचे येवल्याचं. मी नव्हते तेव्हा इथे. बाळंतपणाला माहेरी होते, ही झाली त्या वेळी." त्यांनी चहाचे कप गोळा करणाऱ्या लेकीकडे हात केला. मग थांबून, कुणाला न सांगितलेलं सांगावं तसं हळू म्हणाल्या, "वडलांनी तार केली होती यांना. आले ते थेट बारशाला. पेढा नाही, काही नाही. मला तेव्हा लागलं होतं ते. मुलगी झाली म्हणून आनंद नाही झाला की काय, असं वाटून गेलं. नंतर हिच्यावर जीव टाकला त्यांनी, तो भाग वेगळा. पण विचारायचं राहून गेलं."

आई त्यांच्या तोंडाकडे बघून ऐकत होती, ओठ वाचत असल्यासारखी. मग तिने त्यांचा हात हातात घेतला.

"बाई, त्या दिवशी काय झालं मी सांगते तुम्हाला. सकाळीच आले. नुसते भिंतीकडं बघत बसले. मला वाटलं, घरी काही वाईट झालं का काय. हे बाहेर गेलेले, ही पोरगी कॉलेजात. मी विचारलं, भाऊ, काय झालं? तर म्हणाले, वहिनी, मला मुलगी झाली. पण तुमच्या घरात मी ते कसं सांगू?"

हे मलाही नवीन होतं. इतक्या वर्षांत आईने कधी सांगितलं नव्हतं.

"आमचं पोरगं गेलं होतं हो आदल्या वर्षी," आई म्हणाली. "त्यांना आनंद करायची चोरी झाली. मी म्हटलं, अहो, लक्ष्मी आली आणि तोंड पाडून काय बसलात? गूळ दिला हातावर. तेव्हा हसले. आणि हसले ते असे, की डोळ्यांतून पाणीच. मग म्हणाले, वहिनी, मी कधी तान्हं पोर घेतलं नाही, माझ्या हातून पडेल. म्हटलं, थांबा. आमच्या सुरेशची लहानपणची गोधडी होती पेटीत. तो गेल्यापासून मी ती पेटी उघडली नव्हती. ती काढली, तिची गुंडाळी केली आणि दिली त्यांच्या हातात. म्हटलं, घ्या, शिका. दुपारपर्यंत ते खोलीत फेऱ्या मारत होते गोधडी घेऊन. बेसूर गात. माग बिग सगळं राहिलं त्या दिवशी."

सोनगीरकरांच्या पत्नी एकदम हसल्या, आणि हसता हसता तोंडावर हात धरून रडू लागल्या. "बारशाला आले ते कसे सराईतासारखे उचलले हो हिला! माझी आई म्हणाली, जावईबापू कुठे शिकलात? तर नुसते हसले."

मुलीच्या हातातला ट्रे तसाच राहिला होता. मोठी, चाळिशीकडे झुकलेली बाई ती. तिने ट्रे खाली ठेवला आणि आईच्या पायाशी येऊन बसली.

"आजी, काय गायचे ते? आठवतंय तुम्हाला?"

आईला ऐकू आलं नाही. तिने आपल्या अंगावरची शाल काढली, मांडीवर तिची गुंडाळी केली, आणि ती उचलून त्या मुलीच्या हातात दिली.

"डोकं इकडं घ्यायचं, कोपराच्या खोबणीत," ती म्हणाली. "हेच त्यांना जमत नव्हतं बघ पहिल्यांदा."